गोठ्याच्या काड्या

अक्का,

छपराच्या कोपऱ्यात तुम्ही बांधून ठेवलेल्या काड्या अजून तशाच आहेत. दोन मोळ्या. एक जाड, वेडीवाकडी, सुतळीने आवळलेली. दुसरी बारीक, सरळ काड्यांची, तुमच्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेली. शेतातली कपाशी उपटली तेव्हाच तुम्ही त्या निवडून आणल्या होत्या. दम लागत होता तुम्हाला. बांधावर बसत बसत आलात. मी म्हणाले, "अक्का, नाताळाला अजून किती अवकाश आहे, आत्ताच कशाला?" तुम्ही डोक्यावरचं ओझं खाली टाकलंत आणि म्हणालात, "मंग काड्या भेटतीन का तुले?"

आता नाताळ परवावर आला आहे आणि तुम्ही नाही.

करुणा शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी त्या मोळ्यांकडे बघते. काल तिने विचारलं, "मम्मी, यंदा गोठा पेटवणार कोण?" मी म्हटलं, आधी हातपाय धू. ती धुऊन आली आणि पुन्हा तेच विचारलं. तुमचीच नात. शेवटी मी ही वही घेऊन बसले. पाळकसाहेबांनी तुमच्या आठवणीच्या प्रार्थनेला मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले, पदर सारखा केला आणि परत बसले. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? सातवीत शाळा सुटली ती सुटली. लिहिताना निदान कोणी तोंडाकडे बघत नाही. आणि तुमच्याशी बोलायला मला उभं राहावं लागत नव्हतं कधी.

मी सून म्हणून या घरात आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. ह्यांचा वसईचा कारखाना बंद पडला, ह्यांना इकडे दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरचं काम मिळालं, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत आम्ही गाडीत बसलो. सुरतेच्या पुढे गाडी वळली आणि हिरवं मागे पडत गेलं. नरडाण्याला उतरलो तेव्हा मी आधी नारळाचं झाड शोधलं. एकही नव्हतं. मग रोज सकाळी उठून अंगणात उभी राहून चारी बाजूंना बघायची. तुम्ही एकदा विचारलंत काय शोधते, मी म्हटलं काही नाही. तुम्ही पुढच्या बाजाराला येताना एक वाळका नारळ घेऊन आलात आणि माझ्यासमोर पाटावर ठेवलात, जसा पाहुण्यापुढे तांब्या ठेवतात.

दूध उतू जाईल, भाकरी करपेल, तुमची बोली मला कळणार नाही आणि माझी तुम्हाला. तुम्ही मला "चाल व" म्हणालात की मला वाटायचं रागावलात. ह्यांची गाडी चुकेल म्हणून मी ह्यांना तासभर आधी घराबाहेर काढायची. तुम्ही हसायचात. "गाडी तठेच येस ना रोज? मंग त्याले जेवू दे."

पण सगळ्यात मोठी भीती माझ्या ट्रंकेच्या तळाशी होती. ब्लाउजपिसात गुंडाळलेलं मातीचं बाळ. आमच्या वसईच्या घरच्या नाताळाच्या गोठ्यातलं. निघताना आईने स्वतःच्या गोठ्यातून उचलून माझ्या हातात दिलं आणि स्वतःसाठी नवीन घेईन म्हणाली. लग्न तुमच्या पंथाच्या चर्चमध्ये झालं, तुमच्या रीतीने झालं, ते तिने मान्य केलं होतं. पण नाताळाला लेकीच्या घरात गोठा नसेल, हे तिला सोसत नव्हतं.

आमच्याकडे डिसेंबर लागला की बशीत धान्य पेरायचं. ते उगवलं की गोठ्यापुढे शेत म्हणून ठेवायचं. गोठा भाताच्या पेंढ्याचा. गव्हाण मात्र रिकामी ठेवायची. चर्चमध्ये रात्रीची मिस्सा ऐकून घरी आलं की घरातल्या धाकट्याने बाळ आणून गव्हाणीत ठेवायचं, आणि मग सगळ्यांनी करंज्या खायच्या. तुमच्या घरात यातलं काही नाही. तुमच्या सासऱ्यांनी ख्रिस्ती होताना मूर्ती सोडल्या त्या सोडल्या, तुम्ही भिंतीला चित्राचं कॅलेंडरसुद्धा लावत नव्हतात. नाताळ म्हणजे पहाटे अंगणात काड्यांचा जाळ करून वांगी भाजायची, लाकडाच्या बडगीत ठेचून भरीत करायचं, उपासनेला जायचं, आणि आल्यावर आधी शेजारीपाजारी भरीत पोचवून मग आपण जेवायला बसायचं. मला वाटलं, हा काय सण? हे तर शेतावरचं जेवण.

ते तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलते. तुम्ही ओळखलंच असेल.

पहिल्या वर्षी मी बशीत ज्वारी पेरली. तुम्ही ती बघितलीत आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलंत, "कितला पोता ज्वारी व्हई हाई?" मी मान खाली घातली. पेंढा तर इथे मिळत नव्हता. मग आदल्या संध्याकाळी तुमच्या सरपणातल्या काड्या घेऊन छपराखाली, चुलीच्या बाजूला, मी छोटा गोठा उभा केला. चार काड्या उभ्या, वर आडव्या, पाठीमागे आडोसा. समोर ज्वारीची बशी. बाळ ठेवलं नाही. इथे रात्रीची मिस्सा नाही, तेव्हा सकाळी उपासनेला निघायच्या आधी गुपचूप ठेवीन असं ठरवलं. कोणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, या भीतीने विचारलंच नाही.

सकाळी जाग आली ती धुराच्या वासाने. मी बाळ पदराखाली धरून अंगणात आले, तर जाळ चांगला फुलला होता, वांगी त्यात काळी पडत होती, शेजारच्या बायका लसूण सोलत होत्या, आणि छपराखाली गोठा नव्हता. मी जाळाकडे बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "उठनी का? चाल, वांगा सोलाले बस."

मी बाळ परत ट्रंकेत ठेवून आले आणि वांगी सोलायला बसले. बोटं भाजत होती आणि डोळे वाहत होते. तुम्ही विचारलंत, "धूर लागना का व? इकडे सरक."

मी सरकले. तुमच्याजवळ.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, तिला काय कळणार? तिला वाटलं असेल कोंबड्यांचं खुराडं मोडलं." आणि हसले. मी ह्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. पण संध्याकाळी पाणी प्यायला गेले, तर माठाच्या झाकणीवर ज्वारीची बशी ठेवलेली होती. उगवलेले कोंब जसेच्या तसे, आणि मातीला नुकतंच पाणी शिंपडलेलं.

अक्का, तेव्हापासून मला तेच कोडं आहे. बशी उचलून बाजूला ठेवलीत, तिला पाणी घातलंत, म्हणजे तुम्ही नीट पाहिलं होतं. मग गोठा आहे हे कळलं होतं की नव्हतं? कळून पेटवलात की न कळता? त्यावर माझं इथलं सगळं राहणं ठरणार होतं, असं मला तेव्हा वाटायचं. कळून पेटवला असेल तर या घरात माझ्या आईच्या घरातलं काहीही राहणार नव्हतं.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात तुम्ही शेतावरून आलात आणि माझ्यापुढे दोन मोळ्या टाकल्यात. "हाई तुन्हा गोठानी. हाई मन्ही चूलनी." वर म्हणालात, "आनि तुन्हं काम झायं का तुन्ह्या काड्याबी माले परत. सरपण वाया जावाले नको."

त्या एका वाक्यावर आपल्या घराची रीत बसली. आदल्या संध्याकाळी मी गोठा बांधायचा. पहाटे बाळ गव्हाणीत ठेवायचं. मी बायबलातला लूकचा अध्याय वाचायचा, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. मग बाळ उचलायचं, बशी माठावर ठेवायची, आणि तुम्ही त्याच गोठ्याला काडी लावून जाळ सुरू करायचात. पहिली वांगी त्या जाळावर. मला वाचताना घाई व्हायची, अडखळायला झालं की जास्तच घाई. तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात, "हळू वाच व बाई, गाडी सुटी राहिनी का?" हे आतल्या खोलीतून हसायचे. पण मी हळू वाचायला शिकले ते तिथेच, शाळेत नाही.

बाळावरून मात्र आपलं कधी मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, मूर्ती शे ती. मी म्हणायची, मूर्ती नाही अक्का, आम्ही पूजा करत नाही, ती नुसती आठवण आहे. एका वर्षी थंडी फार होती, मी बाळाच्या अंगावर करुणाचं झबलं पांघरलं. तुम्ही लगेच पकडलंत. "काय म्हने, आठवण शे? मंग आठवणले थंडी कशी लागस व?" तुम्ही जिंकलात, आणि शेजारणींना जाऊन सांगून आलात.

पण पुढचं तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत, ते मी सांगते. त्याच सकाळी करुणा माझ्या मांडीवर रडत होती, माझे हात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठात होते, आणि जाळ लावायची वेळ झाली. मी हाक मारायच्या आत तुम्ही वाकलात, हाताला पदर गुंडाळलात, बाळ उचललंत, आणि चुलीच्या ओट्यावर, ऊब येते तिथे, झबल्यासकट ठेवलंत. मी बघते आहे हे कळल्यावर म्हणालात, "मी हात लावा नही हं. पदरमा लिधं."

त्यानंतर दर वर्षी बाळ तुम्हीच उचललंत. दर वर्षी पदरात. आणि दर वर्षी तेच वाक्य.

करुणा मोठी झाली तशी तिने पोळ्याचे मातीचे बैल आणून गोठ्यापुढे उभे केले, शिंगांना लाल रंग असलेले. तुम्ही म्हणालात, बरं झालं, नाहीतर तुझ्या आईचा गोठा जनावराशिवायचाच होता. तिला हीच रीत ठाऊक. तिला वाटायचं सगळ्या जगात नाताळाला गोठा बांधतात आणि मग त्यावर वांगी भाजतात.

म्हणून ते वसईचं घडलं. ती आजीकडे गेली त्या नाताळाला. आईने गोठा सजवला, अख्खी आळी बघायला आली, आणि सकाळी ही सगळ्यांसमोर विचारते, "आजी, गोठा कधी पेटवायचा?" आईच्या शेजारणीने म्हणे छातीवर क्रुसाची खूण केली. आईने करुणाकडून सगळं काढून घेतलं आणि आमच्या स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर फोन करून मला बोलावून घेतलं. बूथमध्ये मी कानाला फोन लावून उभी होते आणि आई म्हणत होती, "तुझ्याकडे गोठा जाळतात? बाळाचं घर जाळतात? माझं बाळ मला परत आणून दे. त्या घरात नको ते."

मी घरी आले आणि चुलीपुढे बसले. तुम्हाला सांगायचं नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि सगळं बाहेर आलं. इथे मी वसईची, तिथे मी खानदेशी झालेली, आणि ते बाळ परत गेलं की मी दोन्हीकडची नाही, असं काहीतरी बोलले मी. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत. म्हणालात, चल, जाऊन येऊ.

तुम्ही भडगावच्या पुढे कधी गेला नव्हतात अक्का. गाडीत तुम्ही खिडकीच्या गजाला धरून बसलात, मांडीवर वांग्यांचं गाठोडं. मला म्हणालात, "तू घाबरू नको, मी शे ना," आणि गाडी बोगद्यासारख्या अंधाऱ्या पुलाखाली शिरली तशी माझा हात पकडलात. तो हात मी वसई येईपर्यंत सोडला नाही.

आईने दारात पाणी दिलं, पण बोलली नाही. तुम्ही ओटीवर बसलात, गाठोडं सोडलंत, वांगी तिच्यापुढे मांडलीत. आई म्हणाली, "विहीणबाई, आमच्यात असं करत नाहीत. गोठा जाळत नाहीत."

तुम्ही म्हणालात, "जाळतस नही हो, इहीणबाई. बाळ उठनं, मोठं झायं. आते गोठा कसाले? चूलले लागू द्या. चार माणसं जेवतीन."

आईला तुमची बोली सगळी कळली नसेल, पण एवढं कळलं. मग तिने विचारलं, "आणि बाळाला जाळाची धग लागली तर?"

"लागत नही. मी उचलस ना."

"तुम्ही?" आई म्हणाली. "तुम्ही तर मूर्तीला हात लावत नाही म्हणे."

मी म्हणाले, "पदरात घेतात." आणि आई हसली. त्या दिवशी पहिल्यांदा. दुपारी तुम्ही दोघींनी परसात नारळाच्या झावळ्यांवर वांगी भाजलीत. तुम्ही म्हणालात झावळ्यांचा जाळ भसकन जातो, कपाशीची सर नाही. आई म्हणाली, वांगी कडू आहेत तुमची. दोघी खोटं बोलत होतात आणि दोघी पोटभर जेवलात. निघताना आईने तुमच्या गाठोड्यात सुकेळी बांधून दिली, आमच्याकडची वाळवलेली गोड केळी, आणि बाळाचं नाव पुन्हा काढलं नाही. गाडीत तुम्ही एक सुकेळ चाखलंत. म्हणालात, जळगावच्या केळ्याचं असं वाटोळं कोणी केलं नसतं. मग नरडाणा येईपर्यंत सगळी संपवलीत.

माझ्या आईने मला जन्म दिला. पण ज्या घरात मी नको होते की हवी होते हे मला कळत नव्हतं, त्या घरात मला राहायला तुम्ही शिकवलंत, आणि माझ्या आईपुढे माझी बाजू घ्यायला तुम्ही माझ्यासाठी गाडीत बसलात. हे मला प्रार्थनेत उभं राहून बोलायचं होतं.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही खाटेवर होतात, बोलणं कमी झालं होतं. मी तुमचे पाय चेपत होते. म्हटलं आता विचारून घ्यावं. "अक्का, त्या पहिल्या वर्षी तुम्हाला ठाऊक होतं का? तो गोठा होता, हे?" तुम्ही डोळे मिटलेत. मग तुमच्या ओठांना एका बाजूला तेच हसू आलं, शेजारणीला ऐकू जाईल असं बोलायच्या आधीचं. म्हणालात, "त्या सालना वांगा कितला गोड लागनात व!"

बस. एवढंच. पुढे काही नाही. मी रडू की हसू मला कळलं नाही. तुम्ही ते कोडं तसंच ठेवून गेलात, आणि आता मला वाटतं, त्याचं उत्तर मिळालं असतं तर मी त्याचं काय केलं असतं?

तुम्हाला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळी गार वारा सुटला होता. सगळे पुढे निघाले. मी मागे वळले, आणि माझ्या अंगावरची शाल काढून त्या ताज्या मातीवर पसरावी असं इतकं वाटलं की ह्यांनी माझा दंड धरला. आठवणीला थंडी लागते, अक्का. तुम्ही जिंकला होतात खऱ्या, पण चुकला होतात.

वांगी आली आहेत. हिरवी, मोठी, तुम्ही घेत होतात तशी, दाबून बघून घेतली. ज्वारीचे कोंब बोटभर झालेत. करुणाने बैलांच्या शिंगांना पुन्हा लाल रंग दिला आहे. आणि मघाशी ती पुन्हा येऊन उभी राहिली. "सांग ना मम्मी. कोण पेटवणार?"

मी म्हटलं, "तू. तू धाकटी आहेस."

"आणि बाळ?"

तुमची सरळ काड्यांची मोळी मी सोडली. लुगड्याचा काठ तिच्या हातात दिला, तिने तो हुंगला आणि मला परत दिला. मी तो घडी करून कमरेला खोचला आहे. नाताळाच्या पहाटे हळू वाचीन, गाडी सुटत नाही. मग वाकून त्या काठात बाळ उचलीन आणि ओट्यावर, ऊब येते तिथे, ठेवीन.

हात लावणार नाही, अक्का. पदरात घेईन.